छंद किड्यांचा, पोट कशावर?

घरात काडीकिडे, भुंगे, मधमाश्या किंवा सुरवंट पाळणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे: या नादाचा आणि पोटापाण्याचा मेळ कसा घालायचा? काही उत्तरं लांबली आहेत. मापं आणि दिवस सांगितल्याशिवाय ती कुणाच्या उपयोगाची नव्हती.

प्रश्न : मी वाईला बँकेत नोकरी करतो. अंगणात सातेरी मधमाश्यांच्या ३ पेट्या आहेत, घरात काडीकिडेही आहेत. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करावं असं मनात येतं. किडे पाळणारे बाकीचे लोक पोटासाठी करतात तरी काय?

बहुतेक जण दुसरंच काहीतरी करतात. शाळेत शिकवतात, कचेरीत बसतात, पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत फिरतात, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असतात. शेणकिडे आणि गांधीलमाश्यांच्या निरीक्षणासाठी जगभर नावाजलेले फ्रान्सचे झां-आंरी फाब्र हेसुद्धा कित्येक वर्षं मास्तरकीच करत होते. नुसता किडा विकून घर चालल्याची उदाहरणं थोडी. चालतं ते किड्याच्या कामावर (मध, रेशमाचे कोष, पिकांवरच्या किडी मारणाऱ्या परजीवी माश्यांची कार्डं) किंवा पाळणाऱ्याच्या हातातल्या कसबावर. म्हणून आधी आपल्या किड्याला दिवसातला कोणता वेळ लागतो ते बघा आणि मग नोकरीचा विचार करा. काडीकिड्यांना आठवड्यातून दोनदा ताजा पाला आणि पाण्याचा फवारा पुरतो. ते कुठल्याही नोकरीत बसतात. मधमाश्यांची पेटी ८ ते १० दिवसांनी एकदा, उन्हाच्या वेळी उघडावी लागते, म्हणजे रविवार पुरतो. रेशमाच्या अळ्या शेवटचा आठवडा अख्खा दिवस मागतात. ट्रायकोग्रामा या परजीवी माशीच्या प्रयोगशाळेला सुट्टीच नसते.

आता तुमच्या पेट्यांचं गणित. सातेरीची पेटी बऱ्या वर्षी ५ ते १० किलो मध देते. ३ पेट्यांवर पगार निघणार नाही आणि ३० पेट्या एका अंगणात ठेवल्या तर फुलोराच पुरणार नाही. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीला २५-३० किलोपर्यंत मध येतो, पण त्यासाठी पेट्या ट्रकवर घालून फुलोऱ्यामागे गावोगाव फिरावं लागतं. संध्याकाळी माश्या आत आल्या की दारं बंद करायची, रात्रीतून प्रवास, पहाटे पेट्या मांडायच्या. हे करायचं तर नोकरी सोडावीच लागते. सातेरीसाठी सोडू नये, असं आमचं मत.

नोकरी ठेवून २ हंगामांत १० पेट्यांपर्यंत मात्र जाता येईल. वसाहत भरलेली आहे, नरांची घरं दिसू लागली आहेत आणि बाहेर फुलोरा आहे, असे तिन्ही योग जुळले की पेटी फोडा, म्हणजे एका वसाहतीच्या दोन करा. अंडी व लहान अळ्या असलेल्या २ चौकटी, मध-परागाची १ चौकट आणि जुनी राणी नव्या पेटीत हलवा. उडत्या माश्या जुन्या जागीच परततात, म्हणून आणखी एका चौकटीवरच्या माश्या नव्या पेटीत झटका, नाहीतर ती दुबळी राहते. जुन्या पेटीत माश्या राणीघरं बांधतील. त्यातलं सरळ, लांब, भरलेलं असं १ किंवा २ ठेवून बाकीची मोडा. सगळीच ठेवली तर एकामागून एक थवे निघून जातात आणि हाती रिकामी पेटी उरते. राणीघर बंद झाल्यावर ८ दिवसांत राणी बाहेर येते. त्या काळात पेटी उगाच उघडू नका.

खरं नुकसान पावसाळ्यात होतं. जुलै ते सप्टेंबर फुलोरा नसतो, माश्या कमी होतात आणि रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. माश्यांनी झाकलेली पोळी तेवढीच आत ठेवा, बाकीची काढून दोन दिवस डीप फ्रीजमध्ये गोठवा आणि मग हवाबंद पिशवीत ठेवा. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी द्या. दिवसा दिला तर शेजारच्या वसाहतीतल्या माश्या लूटमार करतात. मध काढताना तीनचतुर्थांश घरं मेणाने बंद झालेलीच चौकट घ्या. विक्रीच्या मधात पाणी २० टक्क्यांच्या वर चालत नाही आणि सातेरीचा मध मुळात पातळ असतो. प्रशिक्षणाला तुम्हाला लांब जायला नको. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे आणि महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. ‘मधाचं गाव’ म्हणून २०२२ मध्ये जाहीर झालेलं मांघर त्याच तालुक्यात आहे. तिथे घरटी पेट्या कशा सांभाळतात ते एकदा जाऊन बघा.

प्रश्न : बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. वडिलांच्या नावावर शेती आहे, त्यात १ एकर तुती लावली आहे. शाळा सांभाळून रेशीम जमेल का?

घरात दिवसभर हाताशी माणूस असेल तर जमेल. एकट्याने नाही.

चॉकी केंद्रातून (तिथे लहान अळ्या वाढवून देतात) दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणल्या तर तुमच्या शेडमध्ये साधारण १८ ते २० दिवसांचं काम उरतं. तिसरी अवस्था ३-४ दिवस, मग एक दिवस कात. चौथी ४-५ दिवस, पुन्हा कात. आणि मग पाचवी अवस्था, ७ ते ८ दिवस. पूर्ण आयुष्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला अळी या शेवटच्या आठवड्यात खाते. १०० अंडीपुंज (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) म्हणजे ४० ते ५० हजार अळ्या आणि एकूण सुमारे १ टन पाला. त्यातला बहुतेक पाला ८ दिवसांत कापून, वाहून, फांद्यांसकट दिवसातून दोन-तीनदा अंथरायचा. सकाळची आणि रात्रीची खुराक तुम्ही घालाल. मधल्या वेळी आणि पाला तोडायला दुसरा माणूस हवाच. म्हणून चॉकीची तारीख अशी ठरवा की पाचवी अवस्था दिवाळीच्या सुट्टीत किंवा जोडून आलेल्या रजांत पडेल. उन्हाळी सुट्टी मोठी असते म्हणून मे महिन्यात बॅच घ्यायचा मोह होतो, तो टाळा. मोठ्या अळ्यांना २४-२५ अंश तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. बीडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ते साधत नाही.

पहिल्या वर्षी १०० अंडीपुंजांच्या वर जाऊ नका. त्यांना शेवटच्या अवस्थेत सहाशे चौरस फुटांच्या आसपास बिछाना लागतो. दाटी झाली की अळ्या भुकेल्या राहतात, ओल वाढते आणि रोग शिरतो. बॅच चांगली गेली तर ६० ते ७० किलो कोष निघतात.

रोगाचं निम्मं काम आधीच उरकायचं असतं. अळ्या येण्याच्या ३-४ दिवस आधी शेड, रॅक, जाळ्या सगळं निर्जंतुक करा: १०० लिटर पाण्यात २ किलो ब्लीचिंग पावडर आणि ३०० ग्रॅम विरलेला चुना. पावडर नवी, बंद पाकिटातली घ्या. दमट होऊन गोळे झालेल्या पोत्यात क्लोरीन उरलेलं नसतं, तुम्ही फक्त पांढरं पाणी मारता. अळ्या कातेवर बसल्या की पाला थांबवून बिछान्यावर चुना धुरळा. नव्वद-पंच्याण्णव टक्के अळ्या उठल्याशिवाय पुन्हा पाला घालू नका. घाईने घातला तर काही अळ्या पुढे जातात, काही मागे राहतात आणि शेवटी कोष करायला सगळ्यांची वेळ वेगवेगळी येते. सांधे सुजलेली, पिवळट, बिछान्याच्या कडेने नुसती फिरणारी आणि टोचली की दुधासारखा द्रव सोडणारी अळी म्हणजे ग्रासरी हा विषाणूचा रोग. ती चिमट्याने उचलून चुन्याच्या पाण्यात टाका, हाताने नको. उझी माशीसाठी खिडक्यांना जाळी आणि दाराला दुसरं दार हवं. अळीच्या अंगावर बारीक काळा डाग दिसला तर माशीने तिथे अंडं घातलेलं असतं. अळ्यांनी एकाएकी हिरवं पाणी ओकून वळवळायला सुरुवात केली तर तो रोग नव्हे, विषबाधा. शेजारच्या कपाशीवर किंवा सोयाबीनवर फवारणी झाली का ते विचारा. तुती लावतानाच शेजाऱ्याशी हे बोलून ठेवावं.

विक्रीसाठी पूर्वी कर्नाटकात रामनगरला जावं लागे. २०१८ पासून जालन्यात कोष बाजार आहे, तो तुम्हाला जवळ. लागवडीला मनरेगातून मदत मिळते का, हे जिल्हा रेशीम कार्यालयात विचारा.

जाता जाता, टसर या रानातल्या रेशमाबद्दलही विचारणा झाली आहे. गडचिरोलीतल्या आरमोरी भागात ऐनाच्या झाडांवर उघड्या रानात टसरच्या अळ्या वाढवतात. पक्ष्यांपासून राखण करत दिवसच्या दिवस झाडाखाली काढावा लागतो. ढीवर समाजातल्या कुटुंबांचं ते पिढ्यांचं काम आहे, नोकरदाराचा जोडधंदा नव्हे.

प्रश्न : डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये सुपरवर्म (माशांना खाऊ घालायच्या एका भुंग्याच्या मोठ्या अळ्या) वाढवून अरोवाना मासे पाळणाऱ्यांना आणि मत्स्यालयाच्या दुकानांना देतो. अळ्या मोठ्या होतात, पण कोष काही करत नाहीत. शेवटी काळ्या पडून मरतात. जोडीला मीलवर्म (तशाच, पण लहान अळ्या) घ्यावेत का?

सुपरवर्म गर्दीत असेपर्यंत कोषात जातच नाही. एकमेकींचा धक्का लागत राहिला की अळी अळीच राहते. म्हणून ५ सेंटिमीटरच्या आसपास वाढलेल्या अळ्या निवडून एकेक वेगळी ठेवा. औषधाच्या गोळ्यांच्या छोट्या डब्या झाकणाला भोक पाडून चालतात. आत खाणं नको, पाणी नको, फक्त अंधार आणि २५ ते २८ अंश तापमान. आठवड्या-दोन आठवड्यांत अळी इंग्रजी ‘सी’सारखी वाकते. याच वेळी लोक ती मेली समजून फेकून देतात. काडीने हलकेच हात लावला आणि ती हलली तर सगळं ठीक आहे. ताठ आणि काळी झालेली खरोखर मेलेली. कोषाला साधारण दोन आठवडे लागतात. आधी पांढरट, मग तपकिरी, मग काळा असा भुंगा तयार होतो. लहान अळ्या वेगळ्या काढल्या तर कोष न करताच सुकून मरतात. तुमच्याकडे बहुधा हेही झालं असावं.

भुंगे अंड्यांच्या पुठ्ठ्यावर ठेवा, खाली गव्हाच्या कोंड्याचा २-३ इंच थर. दर दोन आठवड्यांनी भुंगे नव्या डब्यात हलवा, नाहीतर स्वतःचीच अंडी खातात. ओलाव्यासाठी बटाट्याच्या किंवा गाजराच्या फोडी द्या आणि बुरशी यायच्या आत काढा. मुंबईच्या पावसाळ्यात कोंड्याला ओल धरते आणि पिठासारखे बारीक माइट येतात. डब्याच्या कडेला तपकिरी धूळ हलताना दिसते ती हीच. कोंडा आधी कढईत कोरडा भाजून गार करून घाला. बाजारातल्या कोंड्यात कधी कधी धान्याला दिलेल्या धुरीचा अंश असतो, म्हणून नव्या पोत्यातला कोंडा १०-१२ अळ्यांवर दोन दिवस तपासल्याशिवाय सगळ्यांना घालू नका.

मीलवर्म तुमच्या जागेला जास्त सोयीचे. ते गर्दीतच कोष करतात, वेगळं काढण्याची कटकट नाही, आणि विक्रीपर्यंत फ्रिजमध्ये थांबवून ठेवता येतात. सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये मरतात. पण अरोवानावाला गिऱ्हाईक मोठी अळीच मागतो. दुकानदाराला दर आठवड्याला ठरलेला माल लागतो. एका आठवड्यात डबे भरून आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही, असं झालं की तो दुसरीकडे वळतो. म्हणून दर आठवड्याला एक नवा डबा चालू करा आणि प्रत्येक डब्यावर तारीख लिहा.

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यात बी.एस्सी. झाले. लहानपणापासून सुरवंट पाळते. साखर कारखान्याला ट्रायकोकार्डं (उसाच्या किडीवर लावायची ट्रायकोग्रामा माशीची कार्डं) पुरवण्याचं काम घरून सुरू करायचं आहे. काय काय लागेल?

किडे पाळण्याचं कसब ज्याला आहे त्याच्यासाठी आमच्या मते हा सगळ्यात सरळ रस्ता, आणि तुमच्या जिल्ह्यात ऊसच ऊस आहे. पण यात दोन किडे सांभाळायचे असतात. तांदळातला पतंग, म्हणजे कॉर्सिरा, हा यजमान. आणि त्याच्या अंड्यांत अंडी घालणारा ट्रायकोग्रामा हा तुमचा माल. निम्म्या लोकांचं काम पहिल्यावरच अडतं.

एका ट्रेला भरडलेली बाजरी किंवा ज्वारी अडीच किलो. ती आधी १०० अंशाला तासभर तापवून घ्या, म्हणजे तिच्यातले सोंडे आणि माइट मरतात. गार झाल्यावर १०० ग्रॅम कुटलेले शेंगदाणे, ५ ग्रॅम यीस्ट आणि ५ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक घालून कालवा आणि ०.०५ टक्के स्ट्रेप्टोमायसिनचं पाणी १० ते २० मिलि शिंपडा. वरून कॉर्सिराची अर्धा सीसी अंडी पसरा आणि कापडाने घट्ट बांधा. पाच-सहा आठवड्यांनी पतंग निघू लागतात आणि पुढे दोनेक महिने रोज निघत राहतात. ट्रे ९०-१०० दिवसांचा झाला की टाकून द्या. जुन्या ट्रेचा लोभ धरला की त्यात रोगराई साठते.

पतंग रोज सकाळी गोळा करून जाळीच्या पिंजऱ्यात ४ दिवस ठेवा. खाली पडलेली अंडी रोज चाळून, खवले उडवून स्वच्छ करा. हे खवले फुप्फुसाला वाईट. मास्क न लावता वर्षभर हे काम केलेल्यांना दम्यासारखा त्रास सुरू होतो. घरून करायचं असेल तर ही खोली झोपण्या-जेवण्याच्या खोल्यांपासून वेगळी हवी, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर हा धंदा घरात नकोच.

कार्डावर डिंकाचा पातळ हात फिरवून १ सीसी अंडी भुरभुरवा. एका सीसीत १८ ते २० हजार अंडी बसतात. मग १५ वॅटच्या अतिनील दिव्याखाली अर्धा तास धरा. हे टाळलं तर ज्या अंड्यांत परजीवी शिरला नाही त्यांतून कॉर्सिराच्या अळ्या निघून बाकीचं कार्ड खाऊन टाकतात. दिवा चालू असताना खोलीत थांबू नका, डोळे जातील. अशी ६ कार्डं आणि परजीवी निघायच्या बेतात असलेलं १ मूळ कार्ड एका पिशवीत बंद करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी काळी पडतात. भिंगाखाली बघा: एकसारखा कोळशासारखा रंग आला तर कार्ड चांगलं, मध्ये मध्ये पांढरे-पिवळे ठिपके राहिले तर मूळ कार्डातल्या माद्या कमी पडल्या किंवा अंडी शिळी होती. आठवड्याभरात प्रौढ निघतात. कारखान्याची मागणी पुढे ढकलली गेली तर १० अंशाच्या आसपास फ्रिजमध्ये तीन आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, त्यापुढे निघणाऱ्यांचं प्रमाण घसरतं.

सगळ्यात मोठा शत्रू ब्रॅकॉन ही गांधीलमाशीच्या कुळातली बारीक माशी. ती कॉर्सिराच्या अळीला डंख मारून लुळी करते आणि एकदा खोलीत शिरली की ट्रेमागून ट्रे बसतात. गंमत म्हणजे हीच माशी नारळावरच्या पानं खाणाऱ्या अळीसाठी मुद्दाम वाढवून विकतात. दोन्ही कामं एका इमारतीत करू नका.

उसाच्या खोडकिडीसाठी हेक्टरी ५० हजार, म्हणजे एकरी साधारण एक कार्ड, दर ७ ते १० दिवसांनी लावायचं असतं. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. शेतकऱ्याला हे सांगणं तुमचंच काम. भर दुपारी उघड्यावर लावलेल्या कार्डातून काही निघत नाही आणि नाव तुमच्या मालाचं खराब होतं. कार्डं लावण्याच्या आगेमागे कीटकनाशक फवारलं तरी तेच.

मूळ बीज बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राकडून घ्या आणि वर्षातून एकदा बदला. एकाच खोलीत पिढ्यान् पिढ्या वाढलेला ट्रायकोग्रामा आळशी होतो. पिशवीत छान काम करतो, शेतात शोध घेत नाही. हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडे प्रशिक्षणाची चौकशी करा. पहिली मोठी ऑर्डर घेण्याआधी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला २० कार्डं फुकट द्या आणि काळी अंडी त्याच्यासमोर मोजा.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, परभणी. घरी २०-२५ प्रकारचे सुरवंट फुलपाखरू होईपर्यंत वाढवले. यात नोकरी असते का?

असते, पण जाहिरातीत ‘किडे पाळणारा हवा’ असं लिहून येत नाही. बियाणं कंपन्या आणि कीटकनाशक कंपन्या घाटेअळी, बोंडअळी, झुरळं, डास वाढवतात, कारण नवं वाण किंवा औषध तपासायला एकाच वयाचे, निरोगी किडे लागतात. नागपूरची कापूस संशोधन संस्था, पुण्याची विषाणू संस्था (तिथे डासांच्या वसाहती आहेत), आकुर्डीचं प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र, ही सगळी कीटकांच्या माणसांची ठिकाणं. वाट अशी: बी.एस्सी. कृषी करून कीटकशास्त्रात एम.एस्सी., त्यासाठी तुझ्या गावातच कृषी विद्यापीठ आहे, नाहीतर प्राणिशास्त्रातून.

आत्ता घरी शिकण्यासारख्या दोन गोष्टी. एक, नोंदी. अंडं घातल्याची तारीख, प्रत्येक कात, कोषाचं वजन, किती मेले आणि कुठल्या अवस्थेत. मुलाखतीत अशी वही बोलते. दुसरी, कोषावरून नर-मादी ओळखणं. कोषाच्या पोटाकडची बाजू भिंगाखाली धर. मादीत चीर आठव्या खंडावर असते. नरात नवव्यावर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे असतात. प्रयोगशाळेत जोड्या लावताना हेच शेकडो वेळा करावं लागतं.

पुढे कधी घाटेअळी वाढवायला मिळाली तर लक्षात ठेव, ती एकमेकींना खाते, म्हणून तिसऱ्या अवस्थेपासून प्रत्येकीला वेगळा कप्पा. हरभऱ्याच्या पिठाच्या कृत्रिम खाद्यात क जीवनसत्त्व मिश्रण ६० अंशाच्या खाली आल्यावरच घालायचं. गरम असताना घातलं तर ते नष्ट होतं आणि कोष वेडेवाकडे निघतात.

प्रश्न : नाशिकला फुलपाखरं वाळवून काचेच्या फ्रेममध्ये लावून विकायचा आणि लग्नात सोडायला जिवंत फुलपाखरं पुरवायचा विचार आहे. मागणी आहे. कायद्याची अडचण येईल का?

येईल. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत कितीतरी फुलपाखरं आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने मांडल्या आणि त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अनुसूचीतलं फुलपाखरू पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे, मेलेलं सापडलं होतं हे सांगून सुटका नाही. परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचं म्हटलं तर जैवविविधता कायदाही आडवा येतो. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली होती.

फुलपाखरांवर पोट भरणं इतर देशांत जुनं आहे. इंग्लंडमध्ये केंटमधल्या बेक्सलीला फुलपाखरांची शेती करणारं न्यूमन घराणं चर्चिलच्या बागेलाही फुलपाखरं पुरवायचं. कोस्टा रिका आजही युरोप-अमेरिकेतल्या फुलपाखरू-घरांना कोष पाठवतं. आपल्याकडे जमण्यासारखा धंदा वेगळा आहे: फुलपाखरं धरायची नाहीत, त्यांच्या अळ्यांचं झाड लावायचं आणि बघायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे. ठाण्याला घोडबंदर रस्त्याजवळची ओवळेकर वाडी याच पद्धतीची. कढीपत्ता, लिंबू, पानफुटी, रुई, बहावा ही अळ्यांची झाडं आणि जोडीला घाणेरी, सदाफुलीसारखी मधाची फुलं. रोपवाटिकेतली रोपं आणू नका, त्यांवर मुरणारं कीटकनाशक मारलेलं असतं आणि आलेल्या अळ्या दोन दिवसांत गळून पडतात. कटिंग घ्या. अशी बाग सोसायट्यांना आणि शाळांना तयार करून देणं हाही धंदा होतो, आणि लग्नातल्या फुलपाखरांपेक्षा टिकाऊ. डब्यात कोंबून आणलेली निम्मी फुलपाखरं मांडवात उडतच नाहीत.

प्रश्न : नागपुरात रोज १ क्विंटल हॉटेलचा ओला कचरा मिळू शकतो. ब्लॅक सोल्जर माशी पाळून धंदा होईल का?

आकडे मांडू. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका क्रेटमध्ये ५ दिवसांच्या १०,००० अळ्या १२ दिवसांत सुमारे १५ किलो ओला कचरा संपवतात. खाणं तीन हप्त्यांत द्यायचं: पहिल्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी. म्हणजे १ क्विंटलला रोज ७ क्रेट नवे लागतात आणि कुठल्याही वेळी ८०-८५ क्रेट मांडलेले असतात. रोज ७० हजार पिल्लं लागतात. ग्रॅमभर अंड्यांतून ३०-३५ हजारांहून जास्त धरू नका आणि मरतूक गृहीत धरून रोज ३ ग्रॅम अंड्यांची सोय ठेवा. निघणाऱ्या अळ्या (त्या कोंबड्या-माशांच्या खाद्यासाठी विकतात) क्रेटमागे २ किलोच्या आसपास, एकूण १४ किलो; वाळवल्यावर ५ किलोसुद्धा जेमतेम. नुसत्या अळ्यांवर हा धंदा उभा राहत नाही. हॉटेलकडून कचरा उचलण्याचे पैसे मिळत असतील तर राहतो, म्हणून आधी तो करार करा.

हॉटेलच्या कचऱ्यात तेल आणि रस्सा फार. मुठीत दाबल्यावर थेंब थेंब पाणी यावं, धार लागू नये. धार लागली तर कोंडा किंवा भाताचं तूस मिसळा. नाहीतर अळ्या क्रेटवर चढून पळतात आणि दुर्गंधी सुटते. क्रेटमधल्या मधल्या भागाचं तापमान थर्मामीटर खुपसून बघा; अळ्या स्वतःच उष्णता करतात आणि नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये आत ४५ अंश व्हायला वेळ लागत नाही. थर ३-४ इंचांच्या वर नको, कूलर हवा. हिवाळ्यात उलट: माश्यांना जोडी जमवायला भरपूर उजेड आणि ऊब लागते, जानेवारीत अंडी जवळजवळ बंद होतात. तेवढ्यासाठी माश्यांचा पिंजरा दक्षिणेकडे उन्हात आणि रात्री झाकलेला. क्रेटच्या रॅकचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या एका रात्रीत अंडी नेतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. पुढच्या भेटीत आईकडून काडीकिड्यांची थोडी अंडी आणली तर चालेल का? ती तर बियांसारखीच दिसतात.

नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या लेखी पाला खाणारा काडीकिडा म्हणजे पिकांचा शत्रू. तो किंवा त्याची अंडी देशात आणायला पीपीक्यू ५२६ हा परवाना आधी घ्यावा लागतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेतानाही त्याच परवान्याची अट आहे. छंद म्हणून घरी ठेवायला हा परवाना सहसा मिळत नाही. शाळा, संग्रहालय किंवा विद्यापीठाच्या बंदिस्त खोलीसाठी मिळू शकतो. तुमच्या भागातल्या एखाद्या कीटकगृहात स्वयंसेवक म्हणून काम मिळतं का ते विचारा. तिथे परवाना त्यांचा असतो आणि हाताळायला किडे तुम्हाला मिळतात.